स्पीकर आमचा, गाणं पाचव्या मजल्याचं

आधी झालं काय ते सांगते, मग बाकीचं. सासूबाई रोज साडेसातला दिवा लावतात आणि मी माझ्या मोबाईलवरून हॉलमधल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर त्यांचं स्तोत्र लावून देते. त्या दिवशी स्तोत्र लावलं आणि खाली कुरियरवाला आला म्हणून मोबाईल हातात घेऊनच लिफ्टने खाली गेले. पाच-सात मिनिटांनी वर येते तर लिफ्टचं दार उघडतानाच ऐकू येतंय, धाड धाड धाड, कुठलंतरी पंजाबी रॅप, फुल आवाजात, आणि घरात सासूबाई हात जोडून तशाच उभ्या, फक्त डोळे मिटलेले नाहीत, स्पीकरकडे बघतायत. मला बघून म्हणाल्या, "अगं, हे स्तोत्र मधेच असं काय व्हायला लागलं?"

मी स्पीकर बंद केला, हसून हसून पोट दुखलं, पण नवरा ऑफिसातून आला आणि सगळं ऐकून एकदम गंभीर चेहरा करून म्हणाला, स्पीकर हॅक झालाय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, सिक्युरिटीवाली नाही, पण बग दिसला की तो परत करून दाखवेपर्यंत चैन पडत नाही ही धंद्याची खोड. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोबाईल घेऊन खाली गेले, वर आले, काही नाही. शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा भेटला, तो स्वतःहूनच म्हणतो, "काकू, परवा माझा नवीन स्पीकर वाजतच नव्हता, मी आवाज फुल केला तरी काही ऐकू येईना, मग चार्जिंगला लावला."

झालं, केस सॉल्व्ह.

कोजागिरीला गच्चीवर आमचाच स्पीकर नेला होता, मसाला दूध होईपर्यंत गाणी लावायचं काम या मुलाकडे होतं, म्हणजे त्याचा फोन आमच्या स्पीकरला तेव्हाच पेअर झालेला. आवाज आवडला म्हणून त्याने नंतर सेम टू सेम मॉडेल घेतलं. दोन्ही स्पीकरचं नाव कंपनीने दिलेलं एकच, यादीत दोनदा दिसतं, त्याने वरचं दाबलं, तो आमचा निघाला. मी मोबाईल घेऊन खाली गेल्यामुळे माझं कनेक्शन तुटलेलं, स्पीकर मोकळा, मधे एक स्लॅब फक्त. त्याच्या खोलीत शांतता म्हणून तो आवाज वाढवतोय आणि आमच्या देवघरासमोर तो वाढतोय.

आता यात हॅक काहीच नाही. स्पीकरच्या हिशोबाने तो ओळखीचा माणूस होता. पहिल्यांदा पेअर करताना दोन डिव्हाइस मिळून एक किल्ली बनवतात, १२८ बिटची, ती दोघं आपापल्याकडे जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी न विचारता एकमेकांना आत घेतात. असे स्पीकर शेवटच्या सात-आठ फोनच्या किल्ल्या सांभाळून असतात. कोजागिरी संपली, मुलगा घरी गेला, किल्ली राहिली. आपण घराची किल्ली कोणाला दिली तर निदान लक्षात तरी असतं.

मग दोन-तीन रविवार मी यावर वाचत बसले, आणि वाचता वाचता मला जे वाटायला लागलं ते असं, की ब्लूटूथचा सगळा गोंधळ एका समजुतीत आहे, जो जवळ आहे तो आपला आहे. हे काम १९९४ च्या सुमारास स्वीडनमध्ये लुंडला एरिक्सनमध्ये सुरू झालं, हेडसेटची वायर काढून टाकायची एवढाच मूळ उद्देश. दहा मीटरचा साधारण पल्ला. आता स्वीडनमध्ये आपल्या आजूबाजूला दहा मीटरात कोण असणार हो, आपण, आपलं कुत्रं, फारतर बायको. तीच वस्तू डोंबिवलीच्या सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात आणा. दहा मीटरात किमान शंभर बायका, प्रत्येकीच्या कानात बड्स, मनगटावर घड्याळ, पर्समध्ये फोन, आणि मी ज्या बाईच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी आहे तिचं नावही मला माहीत नाही. माहीत नाही म्हणजे, तसं माहीत असतं, कारण एकदा कंटाळा आला म्हणून मी ब्लूटूथची यादी उघडून बघितली तर अमकीचा आयफोन, तमकीचे बड्स, एकीने तर नाव-आडनाव दोन्ही ठेवलेलं. यादी खाली खाली जातच होती. (घरी येऊन पहिलं काम माझ्या फोनचं नाव बदललं. आता माझ्या फोनचं नाव पातेलं आहे.)

आणि दहा मीटर तरी कुठले. दहा मीटर हे आपल्या फोनच्या एवढ्याशा अँटेनाचं गणित आहे, समोरच्याने मोठा अँटेना आणला तर त्याचं गणित वेगळं. २००४ मध्ये अमेरिकेत सांता मोनिकाला काही संशोधकांनी एका दिशेला रोखायचा अँटेना लावून १.७८ किलोमीटरवरून एका नोकिया ६३१०आय फोनच्या आत शिरून दाखवलं होतं. पावणेदोन किलोमीटर! आमच्या घरापासून स्टेशन एवढं लांब नाही.

ती नोकियाची वर्षं आठवली की मला अजून मजा वाटते. आम्ही कॉलेजात असताना ब्लूटूथ म्हणजे सिक्युरिटी वगैरे नाही, ब्लूटूथ म्हणजे रिंगटोन. कँटीनमध्ये बसायचं, ब्लूटूथ ऑन ठेवायचं, दोन फोन टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवायचे (चिकटवले की फास्ट जातं ही सगळ्यांची श्रद्धा) आणि एक गाणं जायला चहा संपायचा. कोण काय पाठवतंय हे बघायचं कोण, येस दाबायचं. आणि नेमका याच सवयीवर पहिला मोबाईल व्हायरस चालला, कॅबीर, जून २००४, सिंबियन ही तेव्हाची फोनची सिस्टिम, तिच्या सिरीज ६० फोनवर. तो चोरी काही करत नव्हता, नुसता आजूबाजूचे फोन शोधत बसायचा आणि त्यात बॅटरी संपवायचा. मला त्याची गंमत वाटते ती ही, की तो विचारून यायचा. मेसेज आलाय, घेऊ का? नाही म्हटलं तर परत विचारणार, परत नाही म्हटलं तर परत, तुम्ही त्या फोनच्या टप्प्यातून उठून लांब जाईपर्यंत. लग्नात आग्रहाने जिलबी वाढणारी काकू असते ना, तसं. शेवटी माणूस वैतागून हो म्हणतो. पुढच्या वर्षी हेलसिंकीला जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा होती तिथे स्टेडियममध्ये हा पसरला, कारण उघड आहे, हजारो लोक दाटीवाटीने तासन्‌तास एका जागी बसलेले आणि सगळ्यांच्या खिशात फोन.

तेव्हा पेअर करायला पिन लागायचा, आणि पिन काय तर ०००० नाहीतर १२३४. हेडसेटमध्ये तर तो कंपनीतूनच पक्का बसवलेला, बदलताच यायचा नाही. पण समजा तुम्ही हुशारी करून ७३९१ ठेवला तरी फार फरक नव्हता. तेल अवीव विद्यापीठाच्या शाकेद आणि वूल या दोघांनी २००५ मध्ये दाखवलं की पेअरिंग चालू असताना हवेतून जाणारं बोलणं कोणी पकडलं तर चार आकडी पिन जुन्या पेंटियम थ्री कॉम्प्युटरवर ०.३ सेकंदात निघतो, पेंटियम फोरवर ०.०६ सेकंदात. म्हणजे आपण पिन टाइप करून अंगठा उचलेपर्यंत काम झालेलं.

२००७ मध्ये ब्लूटूथ २.१ आलं तेव्हा हे सुधारलं, आणि खरंच चांगलं सुधारलं. आता दोन डिव्हाइस हवेतून काही आकडे एकमेकांना देतात, आणि त्यावरून आपापल्या घरी बसून एकच किल्ली तयार करतात, मधल्या माणसाने सगळं ऐकलं तरी त्याला ती किल्ली काढता येत नाही. गणित पक्कं आहे. पण गणित हे सांगू शकत नाही की तुम्ही ज्याच्याबरोबर किल्ली बनवताय तो तुमचाच स्पीकर आहे का मधे कोणी स्पीकर बनून बसलाय. त्यासाठी दोन्ही स्क्रीनवर सहा आकडे येतात, सारखे आहेत का बघा म्हणून. ते बघायचे असतात! मी ऑफिसात सात-आठ जणांना विचारलं, एकानेही कधी ते आकडे जुळवून बघितलेले नाहीत, एकीला वाटत होतं ते ओटीपीसारखं काहीतरी आहे पण टाइप करायला जागाच देत नाहीत. मधे कोणी बसला असेल तर ते आकडे योगायोगाने जुळायची शक्यता दहा लाखात एक, एवढी मजबूत सोय फुकट दिलीय आणि आपण सगळे न बघता पेअर दाबतो. मीसुद्धा दाबायचे.

आणि स्पीकरला तर स्क्रीनच नाही. बड्सना नाही, बटणं नाहीत, काही नाही. मग तिथे आकडे कुठे दाखवणार? अशांसाठी जी पद्धत आहे तिचं अधिकृत नावच जस्ट वर्क्स आहे. थट्टा नाही करत, खरंच ते नाव आहे. कोणीतरी मीटिंगमध्ये वैतागून म्हटलं असेल आणि तेच कागदावर गेलं असेल असं मला टेस्टर म्हणून फार वाटतं. त्यात नुसतं चोरून ऐकणाऱ्यापासून बचाव आहे, पण समोर कोण आहे याची खात्री शून्य. म्हणून तो पाचव्या मजल्याचा मुलगा कोजागिरीला एका सेकंदात पेअर झाला होता आणि आम्हाला सगळ्यांना किती सोपं आहे म्हणून कौतुक वाटलं होतं.

बरं, ही झाली ओळख करून घेताना होणारी गडबड. ओळख नीट झाली, किल्ली मजबूत बनली, तरी पुढे एक कच्ची जागा होती ती २०१९ मध्ये बाहेर आली, त्या हल्ल्याचं नाव ठेवलं नॉब. कनेक्शन सुरू करताना दोन डिव्हाइस आधी ठरवतात की या वेळी किल्लीतला किती भाग खरा वापरायचा, १६ बाइट (म्हणजे ते पूर्ण १२८ बिट) का त्याहून कमी, आणि नियमात अगदी एक बाइटपर्यंत खाली यायला परवानगी होती. ही परवानगी का, तर जेव्हा हे बनलं तेव्हा मजबूत एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं कुलूपबंद करायची पद्धत, कुठल्या देशात विकायचं यावर सरकारी बंधनं असायची, त्यांच्यासाठी सोय. बंधनं सैल झाली, सोय तशीच राहिली, वीस वर्षं कोणी तिकडे बघितलं नाही. आणि ही बोलणी उघड्यावर चालायची, त्यात तिसरा घुसून दोघांना एक बाइटवर राजी करू शकत होता. एक बाइट म्हणजे २५६ शक्यता. दारावर भलंमोठं कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, तशातली गत. असल्या जुन्या सोयी आमच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्येही पडून असतात, कोणी टाकलंय माहीत नाही, काढायचं धाडस नाही, त्यामुळे मला यात कोणाला हसावंसं नाही वाटलं.

माझी झोप खरी उडाली ती कीबोर्डवाल्या प्रकाराने. मार्क न्यूलिन नावाच्या संशोधकाने डिसेंबर २०२३ मध्ये दाखवलं, की कोणीतरी लॅपटॉपवरून मी ब्लूटूथ कीबोर्ड आहे असं म्हणायचं, आणि समोरचा अँड्रॉइड फोन, फक्त ब्लूटूथ ऑन असलं की पुरे, मालकाला न विचारता त्याला जोडून घेतो. मग तो कीबोर्ड तुमच्या फोनवर वाट्टेल ते टाइप करतो, जणू तुम्हीच करताय. नव्या अँड्रॉइडला त्याच महिन्यात अपडेट आलं. अँड्रॉइड १० आणि त्याच्या आधीच्यांना आलंच नाही. मी हे वाचलं आणि उठून सासूबाईंचा फोन बघितला, माझाच जुना आहे तो, अँड्रॉइड ९, ब्लूटूथ चोवीस तास ऑन, आणि त्यावरच त्यांचं पेन्शनचं खातं. बंद केलं. त्यांना विचारलं, हे लागतं का तुम्हाला, तर म्हणाल्या काय ते.

आपण ना, जुना फोन आईला किंवा सासूबाईंना देतो आणि वर म्हणतो छान चालतोय अजून.

गाडीची गोष्ट राहिलीच. दिराने मागच्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली. पहिल्या दिवशी आम्ही सगळे बसून कर्जतला निघालो, त्याने फोन जोडायला गाडीची स्क्रीन उघडली तर आधीच्या मालकाचे पाच फोन तिथे नावानिशी, आणि एकाची सगळी फोनबुक गाडीत तशीच पडलेली. आई नवीन नंबर. गॅस. व्हॅनकाका शाळा. डॉ. दातवाले. डॉ. दातवाले घरचा. आम्ही पहिल्यांदा हसलो, मग "आई नवीन नंबर" वाचून मला कसंतरी झालं, एका अनोळखी माणसाचं पूर्ण घर आमच्या डॅशबोर्डमध्ये होतं आणि त्याला पत्ताच नाही. गाडीला फोन जोडताना काँटॅक्ट आणि कॉल हिस्टरी देऊ का म्हणून विचारतात, आपण हो म्हणतो कारण नाव दिसलेलं बरं वाटतं. सेल्फ ड्राइव्हला दोन दिवस गोव्याला गाडी घेतली तरी हो म्हणतो. दिराने सगळं उडवलं. ज्याला आपली जुनी गाडी विकायची आहे त्याने आरसी, इन्शुरन्स, फास्टॅग यांच्या यादीत हे एक लिहून ठेवा, गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे फोन डिलीट करायचे, फॅक्टरी रिसेट असेल तर तोच मारायचा.

जवळ म्हणजे आपला ही समजूत गाडीच्या बाबतीत तर फारच महाग पडू शकते. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सिक्युरिटी कंपनीच्या सुलतान कासिम खान यांनी टेस्लाची गाडी उघडून चालवून दाखवली होती, किल्ली म्हणजे मालकाचा फोन घरात, गाडी बाहेर, मधे दोन छोटी यंत्रं एकमेकांना सिग्नल पोचवतायत. एन्क्रिप्शनला हातही लावला नाही. गाडीला वाटलं फोन जवळ आलाय, तिने दार उघडलं.

हे सगळं मी रविवारी फोनवर बाबांना सांगत होते. बाबा मिरजेला असतात, त्यांना गेल्या वर्षी कानाचं मशीन घेतलंय, त्यात ब्लूटूथ आहे. ते बराच वेळ ऐकून म्हणाले, "म्हणजे माझ्या कानातून कोणी आमचं घरातलं ऐकत असेल का?" आणि मी जरा अडकले, कारण उत्तर सरळ नाही असं नाहीये. जून २०२५ मध्ये इआरएनडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या लोकांनी एअरोहाच्या चिपबद्दल सांगितलं, ही तैवानची चिप सोनी, बोस, जेबीएल, मार्शल अशा बऱ्याच नावाजलेल्या हेडफोनमध्ये असते. कंपनीच्या लोकांना तपासायला ठेवलेला एक दरवाजा तिच्यात उघडाच होता, पेअर न करता टप्प्यात उभं राहून कोणीही आत जाऊ शकत होतं, फोनबरोबरची किल्ली काढून घेऊन मग फोनला मीच तुझा हेडफोन म्हणून सांगता येत होतं, काही मॉडेलमध्ये माइकवरून ऐकताही येत होतं. चिपवाल्यांनी दुरुस्ती दिली, पण ती हेडफोनच्या कंपनीने आपल्या अपडेटमध्ये घालायची, आणि मग ते अपडेट आपण घ्यायचं, हेडफोनच्या अ‍ॅपमधून. ते अ‍ॅप आपण पहिल्या दिवशी टाकतो आणि जागा भरली की सगळ्यात आधी तेच काढतो. अमेरिकेच्या तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस ब्लूटूथवर भरवसा नाही म्हणून वायरवाले इअरफोनच वापरतात अशी २०२१ मध्ये बातमी आली होती तेव्हा किती लोक हसले होते. मीही एक मीम फॉरवर्ड केलं होतं, कबूल करते.

पण बाबांना हे सगळं सांगून काय उपयोग. म्हटलं, बाबा, त्यासाठी कोणीतरी एवढी विद्या शिकलेला माणूस आपल्या घराबाहेर येऊन थांबायला पाहिजे, आणि तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल ऐकायला पाहिजे. मशीनचं अपडेट मी दिवाळीत आले की बघते. तर बाबा म्हणाले, "गल्लीतल्यांना विद्या लागत नाही, त्यांना असंच ऐकू जातं." आणि मशीन काढून झोपायला गेले.

इकडे मी स्पीकर रिसेट केला. बटण दहा सेकंद दाबून धरायचं, दिवा लाल-निळा होतो, लक्षात ठेवलेले सगळे फोन साफ. अर्थात जस्ट वर्क्सच तो, कोणी परत पेअर करायला आलं तर हो म्हणणारच, म्हणून आता वापर झाला की बंद करून ठेवतो. पण रिसेट केल्यावर एक नवीनच प्रकार झाला. आधी तो इंग्रजीत कनेक्टेड म्हणायचा, आता चिनी भाषेत काहीतरी भलंमोठं वाक्य बोलतो, तेही बाईच्या खणखणीत आवाजात, बरोबर साडेसातला, दिव्यासमोर. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ही कोण?

मी सगळी बटणं दाबून बघितली, नवऱ्याने व्हिडिओ बघून बघितले. शेवटी पाचव्या मजल्यावरून त्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला काकू सोपं आहे, भाषा कंपनीच्या अ‍ॅपमधून बदलते, माझ्याकडे आहे ना अ‍ॅप, फक्त एकदा माझ्या फोनला पेअर करावा लागेल.